उजवी दाढ आणि सरकारी ऊन

आम्ही मुलगी पाहायला लातूरला गेलो तेव्हा मला कुणी पगार विचारला नाही, शेती किती ते विचारलं नाही, सुपारी-तंबाखूचंही विचारलं नाही. मुलीच्या मामांनी मला हाताला धरून खिडकीपाशी उजेडात नेलं आणि विचारलं,

"जावईबापू, दात कसे हायत?"

मी अजून जावई झालो नव्हतो. पोह्यांची बशी नुकती हातात आली होती. बैलबाजारात जनावराचे दात बघतात हे मला ठाऊक होतं, पण नांदेडच्या ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या माणसाचेही बघतात हे नवीन होतं. मी म्हणालो, "बरे आहेत."

त्यांनी शर्टाच्या डाव्या खिशातून तुरीचा एक दाणा काढला. "उजव्या दाढंखाली धरा. चावू नका, नुसतं दाबा. हां. काय आवाज आला?"

खोलीत माझे आईवडील, मुलीचे आईवडील, शेजारच्या दोन बायका आणि खुद्द मुलगी. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"कट," मी म्हणालो.

"कट का कट्ट?"

मला काहीच फरक कळला नव्हता. पण दोन ट असलेलं उत्तर जास्त भारदस्त वाटलं. "कट्ट," मी ठणकावून सांगितलं.

मामांनी उरलेला दाणा परत मागून घेतला, स्वतःच्या दाढेखाली धरला, क्षणभर डोळे मिटले आणि मंडळींकडे वळून निकाल दिला, "माणूस चांगला हाय. पर अंदाजानं बोलतो."

लग्न ठरलं. निदान किती अचूक होतं हे कळायला मला पुढची पंधरासोळा वर्षं लागली.

मुलीच्या या मामांना सगळं लातूर आप्पा म्हणायचं, म्हणून मीही आप्पाच म्हणायला लागलो. मामा म्हटलं की ते ओ द्यायचे नाहीत. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगात खाकी शर्ट, डाव्या खिशात तूर आणि उजव्या खिशात शिसपेन्सिल. तरुणपणी ते एका डाळ मिलमध्ये वाळवणीच्या अंगणात कामाला होते. भूकंपानंतर किल्लारीकडे पत्र्याची घरं उभारायला माणसं हवी होती, तेव्हा गेले आणि वेल्डिंग शिकून परतले. मग घरामागच्या मोकळ्या जागेत पत्र्याची शेड टाकली आणि डाळ मिलची यंत्रं दुरुस्त करायला लागले. यंत्र बिघडलं की मिलवाले आप्पांना बोलवायचे. आप्पा आधी यंत्राकडे बघायचेच नाहीत. पोत्यात हात घालायचे, एक दाणा दाढेखाली धरायचे आणि म्हणायचे, "मशीनला कामून शिव्या देताव? माल ओला हाय."

ती उजवीकडची खालची दाढ म्हणजे त्यांचं यंत्र. तिची निगा ते अशी राखायचे की बघणाऱ्याला हेवा वाटावा. पान नाही, सुपारी नाही, थंड नाही. गोड खायचं ते डावीकडून. चहा उजवीकडे जाऊ नये म्हणून मान थोडी कलती करून प्यायचे. नव्या माणसाला वाटायचं, आप्पांना कमी ऐकू येतं. लग्नात अक्षता वाटल्या की सगळे मंगलाष्टकांकडे लक्ष देणार आणि आप्पा गुपचूप एक तांदूळ तोंडात टाकणार. माझ्या स्वतःच्या लग्नात, "शुभमंगल सावधान"च्या ऐन वेळी, मागून त्यांचा आवाज मी ऐकलेला आहे: "नवा तांदूळ हाय. भात चिकट व्हणार." भात चिकट झाला होता.

एकदा मी विचारलं, "आप्पा, बाजारात ओलावा मोजायचं मीटर मिळतं. घेऊन टाका की एक."

"मीटर दाण्याचं पीठ करून सांगतंय, वल किती हाय. पोस्टमार्टम झालं ते. दाढ जित्या दाण्याला इचारती."

मी मीटरच्या किमतीचा कागद घडी करून खिशात ठेवला.

आता हे वाळवणीचं प्रकरण थोडं सांगायला हवं, नाही तर आप्पा कळणार नाहीत. तुरीची डाळ करायची तर आधी दाण्याला तेल-पाणी लावतात आणि मग उन्हात पसरून वाळवतात. नीट वाळला तर साल सुटते आणि दाण्याचे दोन स्वच्छ तुकडे होतात. ओला राहिला तर चुरा. म्हणजे सगळं उन्हावर. आभाळ आलं की माल तसाच पडून, मिल बंद, हमाल बसून. तरुणपणी आप्पांनी अशा कितीतरी दुपारी आभाळाकडे बघत काढल्या होत्या. त्यातून त्यांचं एक वचन तयार झालं होतं, ते ते कुठेही वापरायचे. एसटी उशिरा आली तरी, नळाला पाणी आलं नाही तरी.

"ऊन सरकारी असतंय, जावईबापू. आलं तर घ्यावं. भरवसा ठिवू नये. आपलं ऊन आपण करावं."

आणि ते खरोखरच करत होते. शेतात तूर काढल्यावर उरणाऱ्या वाळक्या काड्या, तुराट्या, बांधावर पडून असतात. आप्पांनी त्या कमी हवेत जाळणारी भट्टी बनवली. त्यातून निघणारा वायू दुसरीकडे पेटवायचा आणि धुराचा स्पर्शही न होता नुसती गरम हवा तुरीला द्यायची. या यंत्राचं नाव त्यांनी ठेवलं होतं पाव्हणा. कारण, ते म्हणायचे, येणार येणार म्हणतोय आणि येत नाही.

पहिला पाव्हणा धुरकट होता. त्याच्यावर वाळवलेल्या तुरीची डाळ कुणी घेईना, म्हणून ती घरात आली. त्या वर्षी आम्ही जेव्हा जेव्हा लातूरला गेलो तेव्हा वरणाला चुलीतल्या राखेचा वास होता. माझी बायको मामाच्या घरचं वरण म्हणून डोळे मिटून जेवायची. मी डोळे मिटून गिळायचो. दुसरा पाव्हणा बरा होता, पण एका दुपारी त्याने पेट घेतला. मामींनी शेजारीच तट्ट्यावर वाळत घातलेले उडदाचे पापड त्याबरोबर गेले. मामी दोन दिवस आप्पांशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "पापड भाजायला लई बेस हाय तुमचा पाव्हणा. डाळीचं तेवढं बगा."

तिसरा पाव्हणा मात्र शांत निघाला. धूर नाही, वास नाही, रागही नाही. एका वेळी एक पोतं तूर वाळवायचा. पण मिलला एका पोत्याने काय होतं? मोठा पाव्हणा करायचा तर लोखंड, पंखे, वर्षभराची मेहनत हवी होती. आणि तेवढ्यात पुण्याहून त्यांचा मुलगा आला.

मुलगा वाईट नव्हता. शेडची जागा विकून आईवडिलांना पुण्याला न्यावं एवढंच त्याच्या मनात होतं. म्हणाला, "आप्पा, वयाची पासष्टी आली. विस्तवाशी किती दिवस खेळणार? या पाडव्यापर्यंत काय ते करा. नाही झालं तर शेडची चावी माझ्या हातात द्या."

आप्पांनी वाद घातला नाही. शेडची चावी कुलपातून काढली, घरात नेली आणि कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवली. "पाडव्याला घिऊन जा," म्हणाले. रोज सकाळी तिथून काढायची, शेड उघडली की परत तिथेच लावायची. जाता-येता मामी त्या चावीकडे बघायच्या.

याच सुमारास कुणीतरी आप्पांच्या हातात वर्तमानपत्राचं कात्रण दिलं. ऊर्जेचं नवं तंत्र शोधणाऱ्या लघुउद्योगांना सरकार संशोधनासाठी अनुदान देतं, अर्ज ऑनलाइन, इंग्रजीतून. आप्पांनी मला फोन लावला.

"जावईबापू, सरकार ऊन देऊन राहिलंय म्हणं."

"पण आप्पा, सरकारी उन्हावर भरवसा ठेवू नये ना?"

"भरवसा कोण ठिवतोय? आलं तर घ्यावं, असं बी म्हनलेलं हाय मी. रविवारी या."

असे सहा रविवार मी नांदेडहून लातूरला एसटीने गेलो. लोहा, अहमदपूर, लातूर. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी टेकली की फोन यायचा, "अहमदपूर सोडलं का? मामींनी तवा ठिवलाय." पोचल्यावर शेडमध्ये दोन खुर्च्या, मध्ये तेलाचा उपडा डबा, डब्यावर माझा लॅपटॉप. मी इंग्रजीतला प्रश्न वाचायचो, मराठीत सांगायचो, आप्पा उत्तर द्यायचे आणि मी त्याचं इंग्रजी करायचो. अकरावीच्या पोरांना गाइडमधून निबंध सांगणारा माणूस मी. पण त्या डब्यापुढे बसलो की शास्त्रज्ञ झाल्यासारखं वाटायचं.

"आप्पा, विचारतायत, तुमचं उत्पादन कोणती समस्या सोडवतं?"

"ढग."

"बाजारात तुमचा स्पर्धक कोण?"

आप्पांनी दारातून वर पाहिलं. "सूर्य."

"कंपनी विचारतायत, आप्पा."

"मंग लिवा, लई जुनी कंपनी हाय. माल फुकट देती, पर टायमावर देत न्हाई."

"प्रकल्पातली सगळ्यात मोठी जोखीम?"

आप्पांनी आवाज खाली आणला आणि घराकडे डोळ्यांनी खूण केली. "घरचा इरोध."

"ऐकू येतंय मला!" घरातून मामी.

एक रकाना होता, तंत्रज्ञान किती तयार आहे ते एक ते नऊ आकड्यांत सांगा. मी समजावलं, एक म्हणजे नुसती कल्पना, नऊ म्हणजे बाजारात खपतंय. आप्पांनी खूप विचार केला. "दुसरा पाव्हणा सहापतूर गेलता. पेटला तवा दोनवर आला. ह्यो तिसरा पाच लिवा. गुणाचा हाय, पर जरा लाजतो." मी पाच लिहिलं. लाजण्याचं इंग्रजी मला जमलं नाही.

सहसंशोधक म्हणून एक नाव हवं होतं. आप्पा म्हणाले, "कुणाचं बी लिवा, शिकल्यालं असलं म्हंजे झालं." मी थोडे आढेवेढे घेतले आणि माझंच लिहिलं. हे आढेवेढे मी एकट्यानेच घेतले होते. आग्रह कुणीच केला नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगून टाकतो.

मग आला तो रकाना ज्याने घात केला. वाळवणीपूर्वीचा आणि नंतरचा ओलावा, टक्क्यांत.

आप्पांनी शंभर पानी वह्यांचा गठ्ठा पुढे ठेवला. आठ वर्षांच्या नोंदी. तारीख, आभाळ, तुराट्यांच्या किती पेंढ्या, किती तास. आणि शेवटी दोन रकाने. एकावर "आ", दुसऱ्यावर "घ". "आ"खाली लिहिलेलं होतं: मच. चिट. कट. कट्ट. पानंच्या पानं. "घ"खाली होतं: दीड ऊन. पाऊण ऊन. पाव ऊन. काढा आता.

"आ" म्हणजे आप्पा, आणि मच-चिट-कट-कट्ट म्हणजे दाढेचा आवाज, हे मला कळलं. माझा त्यात पूर्वानुभव होता. "घ" म्हणजे घर असणार आणि त्या मामींच्या पापड-कुरडयांच्या वाळवणाच्या नोंदी असणार, असं मी गृहीत धरलं. विचारायला हवं होतं. पण शेवटची तारीख चार दिवसांवर होती आणि मी वह्या घेऊन नांदेडला आलो होतो.

घरी बसून मी इंटरनेटवर शोधलं, तुरीत किती ओलावा असतो. मग ठरवून टाकलं. मच म्हणजे अठरा टक्के, चिट म्हणजे चौदा, कट म्हणजे बारा, कट्ट म्हणजे दहा. "घ"चा रकाना गाळला. मोजमापाचं साधन या चौकटीत "प्रमाणित मीटर" असं लिहिलं. आणि एक आलेख काढला. इतका सुंदर आलेख! वरून खाली अशी उतरण, जणू घसरगुंडीच. बायकोला दाखवला तर ती म्हणाली, "आप्पांना दाखवला का?" मी म्हणालो, "त्यांना आलेखातलं काय कळतंय?" आणि बटण दाबलं.

तीन महिन्यांनी पत्र आलं. अर्ज पहिल्या चाळणीतून पुढे गेला होता. तज्ज्ञ प्रत्यक्ष बघायला येणार होते. पाडवा महिन्यावर आला होता.

त्या दिवशी मी सकाळच्या पहिल्या गाडीने पोचलो. शेड झाडून-पुसून ठेवलेली, पाव्हण्याला हळद-कुंकू, दारात रांगोळी. आप्पा नवीन खाकी शर्टात होते, पण डाव्या बाजूने बोलत होते आणि उजवा गाल जरा सुजल्यासारखा होता. विचारलं तर म्हणाले, "काय न्हाई, मशीनचं जरा काम निघालंय." मला वाटलं पाव्हण्याबद्दल बोलतायत.

गाडीतून एक मॅडम उतरल्या आणि त्यांच्याबरोबर फोटो काढणारे एक सर. मॅडम फार बोलत नव्हत्या. पाव्हणा पेटवून बघितला, हात लावून बघितला, नाक लावून बघितला. "धूर खरंच येत नाही," एवढं म्हणाल्या. माझी छाती फुगली. मग त्या तेलाच्या डब्यासमोरच्या खुर्चीवर बसल्या आणि फाइल उघडली.

"ओलाव्याचे आकडे टक्क्यांत दिलेत. कुठलं मीटर वापरलंत?"

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. "कसले टक्के?"

मॅडमनी तक्ता त्यांच्या हातात दिला. आप्पा एकेका ओळीखालून बोट फिरवत वाचत गेले. इंग्रजी येत नव्हतं, पण तारखा आणि आकडे येत होते. भट्टीत एक तुराटी तडकली. मला त्या क्षणी नांदेडला परत जाणारी कुठलीही गाडी चालली असती, मालगाडीसुद्धा.

"मॅडम," आप्पा म्हणाले, "ह्यातल्या तारखा आमच्या हायत. आकडे आमचे न्हाईत. आमचं मीटर हे."

आणि खिशातून त्यांनी कुंकवाची एक छोटी डबी काढली, उघडली आणि टेबल म्हणून ठेवलेल्या डब्यावर ठेवली. आत कापसावर एक दाढ होती.

फोटोवाल्या सरांनी कॅमेरा खाली केला.

"आठ वरसं ह्याच्यावर मोजलं. मंगळवारी डॉक्टरनं काढली. आता मशीन बंद हाय. तुमाला दाखवायला ठिवली."

मॅडम हसल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. "मग हे टक्के कुणी लिहिले?"

आप्पांनी डबीचं झाकण लावलं. माझ्याकडे बघितलंही नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"मी," मी म्हणालो. "अंदाजाने."

"मला शंका होतीच," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या आलेखात एकही चूक नव्हती. खऱ्या नोंदी इतक्या सरळ चालत नाहीत." त्यांनी फाइल मिटली. "हा तक्ता रद्द करावा लागेल, आप्पा. आणि तक्ता गेला तर अर्जात काही उरत नाही."

"करा रद्द," आप्पा म्हणाले. "खोटं हाय ते, ठिवून काय करताव? पर एवढ्या लांब आलाव, वह्या बगून जावा."

घराच्या दारातून खिळ्यावरची चावी दिसत होती. मला तरी तेवढीच दिसत होती.

मॅडमनी वही उघडली, ती मान राखायला म्हणून. एक पान, दोन पानं. मग त्या थांबल्या. "हे 'घ' काय आहे?"

"घर."

"म्हणजे?"

"म्हंजे ही." आप्पांनी मान घराकडे वळवली. "माझ्या दाढंवर मी एकट्यानं कसा इस्वास ठिवू? मूठभर दाणे मी चावायचे, मूठभर हिच्याकडं पाठवायचे. मला आवाज कळतो, हिला ऊन कळतंय. अजून किती ऊन, म्हंजे किती दिसाचं वाळवण, लागंल ते सांगती. न इचारता दोगांचं लिवायचं, असा कायदा हाय आमचा."

मी आठ वर्षांच्या त्या रकान्याला पापड-कुरडयांत जमा केलं होतं.

मॅडम उठल्या. गाडीतून त्यांचं स्वतःचं मीटर आणलं. पाव्हण्यातून निरनिराळ्या वेळी काढलेल्या तुरीच्या आठ वाट्या मांडल्या. प्रत्येकीतली चिमूटभर मीटरमध्ये घालून आकडा कागदावर लिहिला आणि कागद पालथा ठेवला. मग मामींना बोलावलं.

मामी पदराला पीठ पुसत आल्या. "अवं, पाव्हण्यांसमोर मी दाणे खात बसू व्हय? भाकरी तव्यावर हाय माजी."

"खाऊ नको," आप्पा म्हणाले. "मत दे."

मामींनी पहिला दाणा दाताखाली धरला. शेडमध्ये एवढी शांतता होती की मला पहिल्यांदा तो आवाज ऐकू आला. "ह्याला दीड ऊन पायजे." दुसरा. "पाव." तिसरा. "ह्यो झाला, काढा." चौथा चावून त्या आप्पांकडे रागाने बघत म्हणाल्या, "ह्यो लई वाळवलाव. किती डाव सांगितलं, जाळू नका म्हनून." आठ वाट्या संपायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. "जाऊ का? भाकर जळाली," म्हणत त्या गेल्याही.

मॅडमनी कागद उलटा केला. ओलाव्याच्या आकड्यांपुढे मामींची ऊनं मांडली. जास्त ओलाव्याला जास्त ऊन, कमीला कमी. एकामागे एक, शिस्तीत. फक्त सहावी वाटी चुकली होती. मामी अर्धं म्हणाल्या होत्या, मीटरचा आकडा पाव उन्हाच्या वाटीएवढा होता.

"एक सोडू या," फोटोवाले सर हळूच म्हणाले.

"सोडायची न्हाई!" आप्पा एकदम मोठ्यांदा बोलले. गालावर हात गेला, दुखलं असावं. "चुकली तर चुकली म्हनून लिवा."

मी पुढे झालो. "मॅडम, मोजून झाल्यावर ती सहावी वाटी मी उचलून हातात धरून बसलो होतो. बोटंही आत होती. मला घाम फार येतो."

मॅडम त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या. "हेही लिहिते," म्हणाल्या आणि खरंच लिहिलं. माझ्या घामाची नोंद सरकारी फाइलीत आहे. सहसंशोधक म्हणून माझं तेवढंच योगदान.

संध्याकाळी आप्पा मला स्टँडवर सोडायला आले. मी माफीची वाक्यं रस्ताभर जुळवली होती. गाडी लागली तशी आप्पांनी खिडकीतून रुमाल टाकून माझी जागा धरली. मग म्हणाले, "मुलगी बगायला आलताव तवा तुमी दोन ट लावले. तवाच वळखलं होतं मी."

"मग मुलगी कशी दिली, आप्पा?"

"पकडल्यावर कबूल होतो, हे बी वळखलं होतं."

पाडव्याला आठ दिवस असताना पत्र आलं. पूर्ण अनुदान नव्हतं. आधी एका हंगामाचं काम मंजूर झालं होतं: मोठा पाव्हणा बांधा, मीटर घ्या, मीटर आणि दात दोन्हींच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवा, मग पुढचं बघू. शिवाय अर्ज दुरुस्त करून पाठवा, वह्यांची सगळी पानं जोडा आणि सहसंशोधकाचं नाव तपासून घ्या.

त्या रविवारी मी माझं नाव खोडलं आणि मामींचं लिहिलं. पुढचा रकाना शिक्षणाचा. पदविका, पदवी, पदव्युत्तर, डॉक्टरेट. मामींची सातवी त्या यादीत कुठेच बसेना. शेवटी "इतर" होतं आणि त्यापुढे तपशिलाची चौकट.

"काय लिहू, आप्पा?"

"लिवा, वाळवण. चाळीस वरसं."

मी तेच इंग्रजीत लिहिलं. पोर्टलने बिनतक्रार घेतलं.

पाडव्याला मुलगा आला. जेवण झालं, श्रीखंड आप्पांनी सवयीने डावीकडून खाल्लं. मुलाने सहज कॅलेंडरकडे बघितलं. खिळा मोकळा होता. चावी मामींच्या कमरेला होती. मुलगा आईकडे बघून हसला आणि म्हणाला, "म्हणजे आता तुझ्याशी बोलावं लागणार." मामी म्हणाल्या, "हंगाम झाल्यावर बोल. आत्ता काम हाय."

मोठा पाव्हणा आता उभा आहे. आभाळ आलं की दोन-तीन मिलवाले आपणहून पोती पाठवतात. मीटर आलंय, रोज सकाळी मामी आधी त्याची परीक्षा घेतात, मग कामाला लावतात. आप्पांनी कवळी बसवली, पण नोंदी करायला तिचा उपयोग करत नाहीत. "कवळी म्हंजे दुसऱ्याचं मत," म्हणतात. त्यांच्या रकान्यात त्या मंगळवारनंतर रेघ आहे.

मागच्या महिन्यात आम्ही लातूरला गेलो होतो. पोचून पाणी प्यायलो नाही तोच मामींनी मला शेडमध्ये बोलावलं. वही उघडी होती. "आ" आणि "घ"च्या शेजारी शिसपेन्सिलीने तिसरा रकाना आखलेला होता: "जा".

"माजे दात बी किती दिवस पुरणार?" मामी म्हणाल्या आणि एक दाणा माझ्या हातावर ठेवला. "उजव्या दाढंखाली धरा. किती ऊन?"

मी दाबलं. डोळे मिटले. खूप वेळ ऐकलं. "अर्धं?"

मामींनी दुसरा दाणा चावला. "पाऊण."

मी पेन्सिल उचलली आणि पाऊण लिहायला लागलो. मागून आप्पांचा आवाज आला, "तुमचं अर्धं हाय. अर्धंच लिवा."

आता दर रविवारी मी एक पान भरतो. तिन्ही रकान्यांत सगळ्यात जास्त चुका माझ्या आहेत, आणि त्यातली एकही खोडलेली नाही.